पुढल्या लाँचनं येतोय

अम्मा, काल दुपारी तो बर्फातला पिक्चर परत बघितला. तू आम्हाला सांगितलास तो नव्हे, त्या लोकांनी काढला होता तो. कारखान्याच्या माडीवर मी आता एक खोली केली आहे. भिंतभर पांढरा पडदा, खिडक्यांना जाड कापड, आणि आवाजाच्या पेट्या अशा लावल्यात की पिक्चरमधल्या बाईच्या हातून शेजारच्या खोलीत सुई पडली तर ती इथं माझ्या पायाशी वाजते. खाली बर्फाचा कॉम्प्रेसर चालू असतो. त्याचा सूर जरा घसरला की मी वरूनच हाक मारतो आणि खालची माणसं एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटतं शेठनं कुठंतरी कॅमेरा लपवलाय. कॅमेरा नाही, कान आहेत. तूच म्हणायचीस, ह्या पोराला घरच्या तव्यावर पापलेट उलटलेलं मशिदीत ऐकू येतं. अजून येतं. इतकं ऐकू येणं बरं नसतं, हे मात्र तू कधी बोलली नाहीस, आणि ते तुला माहीत असणार, कारण हे कान तुझ्याकडूनच आले.

तुला हसू येईल. ज्या कारखान्यात मी लाद्या ढकलायला लागलो तो आता माझा आहे, दर्याला जाणाऱ्या निम्म्या होड्या माझाच बर्फ भरतात, आणि एवढं सगळं करून मी दुपारी काय करतो, तर परक्या मुलखातले पिक्चर बघतो. हिंदी थोडे, इंग्रजी त्याहून थोडे. मला लागतात ते कुठल्यातरी कोपऱ्यातल्या देशाचे, ज्यांची भाषा रेवदंड्यात कुणाच्या कानावर पडलेली नाही. एक आहे, त्यात दोन बहिणी बंदरावर केस कापायचं दुकान चालवतात. कधीकाळी भांडल्यात, आणि अख्ख्या पिक्चरभर एकमेकींशी एक अक्षर बोलत नाहीत. बोलतात त्या कात्र्या. एकीची रागानं चालते, दुसरीची दमानं, आणि शेवटी शेवटी दोघींचा ठेका एक होतो. तेव्हा मला हुंदका आला. एकटाच होतो म्हणून बरं. दुसरा एक वाळवंटातल्या बसचा. बस बंद पडते, माणसं उतरतात, चहा करतात, एक म्हातारा ड्रायव्हरला पोटभर शिव्या घालतो, बस चालू होते, संपला. आमच्या फिटरला दाखवला तर तो बोलला, "शेठ, ह्यात झालं काय?" मी म्हटलं, "बस चालू झाली ना." तो रागावून खाली गेला. मग काही दिवसांनी पाना हातात घेऊन वर आला आणि दारातूनच विचारतो, "शेठ, तो म्हातारा शेवटी त्या ड्रायव्हरला आपल्या बाटलीतलं पाणी का देतो?" मी म्हटलं, बस बाबा, आता तुझं काम झालं.

पहिल्यांदा बघताना मी पडद्यावरची खालची भाषांतराची अक्षरं बंद ठेवतो. हे वळण तुझं. नुसतं ऐकायचं. माणूस खोटं बोलायच्या आधी श्वास कुठं घेतो, बाई भांडी जोरात कधी आपटते, दोघंजण गप्प असतात तेव्हा ती मुकी भांडणं असतात की सोबत, हे कुठल्याही भाषेत सारखंच वाजतं. नंतर दुसऱ्यांदा अक्षरं लावून बघतो आणि स्वतःचा निकाल स्वतःच लावतो. बहुतेक वेळा मी बरोबर निघतो. त्यात मजा आहे, अम्मा. साऱ्या धंद्यात मला मिळाली नाही एवढी.

आपल्या पुढच्या खोलीत फ्रिजवर तो व्हीसीआर आहे. अब्बांनी आखातातून आणलेला, मुंबईहून लाँचनं घरी येताना; अंगावर तुझ्याच हातचं भरतकामाचं कापड. अब्बा तिकडं कुठल्या तरी जुन्या कॅसेटच्या टोपलीतून पिक्चर उचलायचे आणि गावाकडं येणाऱ्या माणसाबरोबर धाडायचे. वाचता येत नव्हतं, मग डब्यावर होडी दिसली किंवा डोक्यावरून रुमाल बांधलेली बाई दिसली की घेतली कॅसेट. आत कुठली भाषा हाय ते अल्ला जाणे. आणि खालून अरबी अक्षरं जायची. ती पहिली ओळ सरकली आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनी डोक्यावर पदर घेतला, हे मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. ज्यांचे पाय टीव्हीकडं होते त्यांनी ते ओढून घेतले. वर पडद्यावर गोरी बाई तंगड्या उघड्या टाकून बसलीय आणि खाली आपल्या बायका पदर सावरून अदबीनं बघतायत. तू कुराणशरीफ पूर्ण केलेली, मोहल्ल्यातल्या पोरींना तूच शिकवायचीस, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं की ही अक्षरं तुला लागणार. तू पण नाही म्हणाली नाहीस. ओठ हलवून बघायचीस, मग कुरकुरायचीस, "ना जेर, ना जबर, अक्षराच्या वरखाली एक खूण नाही. अर्धवट छापलंय मेल्यांनी." आणि तरीही सांगायचीस.

काय सांगायचीस! थोरली खाला, आपल्या भिंतीला भिंत लागून राहायची ती, सुकट निवडता निवडता विचारायची, "अगो, काय बोलते ती?"

"बोलते, जेवण झालंय, हात धू."

"मग रडते कशाला?"

"मीठ जास्त पडलंय."

सगळी खोली हसायची. तुझ्या पिक्चरमध्ये प्रत्येक बाई, मग ती राणी असो की चोरटी, समोरच्याला हेच विचारायची की आज घरात काय शिजलंय. प्रत्येक पुरुष सांगायचा, आता दोन महिन्यांनी येतो. एकदा पडद्यावर दोघं तलवारी घेऊन उभे होते आणि तू शांतपणे म्हणालीस, "तो बोलतो, बांगडा माझा." खोलीतल्या निम्म्याहून जास्त बायकांचे नवरे आखातात नाहीतर बोटीवर. त्यांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं, आणि तू ऐकवतही नव्हतीस. दाराजवळ समोरच्या घरातली एक पोरगी बसायची, सुकटीतले खडे वेचत, हसणं दाबत. ती पुढं तुझी सून झाली. तुला ती शेवटपर्यंत खालाच म्हणत राहिली, सासूबाई तिच्या तोंडी कधी बसलं नाही.

मग अब्बा गेले. तिकडंच गेले, मातीही तिकडंच झाली. बरोबर काम करणारा एक माणूस त्यांची ट्रंक घेऊन आला. दारात उभा राहून तो बराच वेळ बोलत होता आणि मी त्याचे शब्द नव्हे, त्याच्या गळ्यातली ती खरखर ऐकत होतो. कुणाला काही सांगायचं असतं आणि सांगवत नाही तेव्हा आवाज घशातून न येता नाकाच्या वरून येतो. इद्दतीचे महिने तू उंबऱ्याबाहेर आली नाहीस. टीव्हीवर चादर टाकली. ट्रंक खाटेखाली. बायका यायच्या, तुझ्याजवळ बसायच्या, तसबीहचे मणी ओढायच्या आणि जायच्या. मी शाळा सोडून बर्फाच्या कारखान्यात लागलो. तिथं पहिली गोष्ट शिकलो ती बर्फाचे आवाज. लादी डब्यातून सुटून बाहेर आली आणि तिला गरम हवा लागली की आत कुठंतरी तडा जातो. वरून काही दिसत नाही, नुसता एक खोल आवाज येतो, दूरवर कुणी दार लावल्यासारखा. मुकादम ओरडायचा, "पाय काढ, ती जाणार." आणि जायचीच.

इद्दत संपली, तेव्हा तू ट्रंक उघडलीस. कपडे, एक अत्तराची बाटली, माझ्यासाठी घड्याळ, आणि एक कॅसेट. डब्यावर होडी होती. तू ती दोन्ही हातांनी उचललीस आणि म्हणालीस, "बायकांना बोलव."

सगळ्या आल्या. थोरली खाला, समोरची पोरगी, सगळ्या. सुकट कुणी आणली नव्हती. पिक्चर सुरू झाला आणि त्यात सगळा बर्फच बर्फ, डब्यावरची होडी किनाऱ्यावर उलटी घालून ठेवलेली. एक बाई भट्टीत पाव भाजते. नवरा गोठलेल्या तळ्यावर भोकं पाडून मासे धरायला जातो, डोक्यावर केसाळ टोपी. जाताना ती त्याच्या खिशात गरम पाव कोंबते. मग ती घरात काम करत राहते, आणि बाहेरून, फार लांबून, तो आवाज आला. दार लावल्यासारखा. पडद्यावर काहीच झालं नाही. बाईनं मानही वर केली नाही. पण मला कळलं. कारखान्यातला मुकादम माझ्या कानात ओरडला.

शेवटी एक माणूस त्या बाईच्या दारात येतो. हातात ती केसाळ टोपी. तो बोलतो, पुष्कळ वेळ बोलतो. त्याचा आवाज नाकाच्या वरून येत होता. खोलीत कुणी कुणाकडं बघत नव्हतं. थोरल्या खालानं रोजच्यासारखं विचारलं नाही, तरी तू सांगितलंस. टीव्हीकडं बघत, जेर-जबर नसलेल्या त्या ओळींवर बोट धरल्यासारखं एकेक शब्द लावत तू म्हणालीस, "बोलतो, सामान पुढं पाठवलंय. जड झालं म्हणून. तो पुढल्या लाँचनं येतोय."

तळं गोठलेलं, अम्मा. होडी उलटी पडलेली. कसली लाँच? इतर कुठल्याही दिवशी बायकांनी तुझी सालटी काढली असती. त्या दिवशी थोरली खाला पदर तोंडाला लावून नुसती म्हणाली, "व्हय. येल, येल." आणि एकेक करून सगळ्या म्हणाल्या. व्हय, येल. ट्रंक तिथंच उघडी होती.

ती कॅसेट तू अरबी अक्षरं आहेत म्हणून हिरव्या कापडात गुंडाळून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलीस. म्हणून ती वाचली. मी ती नव्या मशीनवर उतरवून घेतली, पुढं तोच पिक्चर चांगल्या प्रतीत, इंग्रजी अक्षरांसकट मिळाला, आणि माझी खात्री झाली. तो दारातला माणूस सांगत असतो की बर्फ गेला, उजेड होता तोवर आम्ही शोधलं, टोपी तेवढी वर राहिली. बाई विचारते, त्यानं पाव खाल्ला होता का. एवढाच प्रश्न. बघ, इतक्या पिक्चरांत तू एक गोष्ट तरी बरोबर सांगितलीस. बाई जेवणाचंच विचारत होती.

आता तुझ्या नातवाचं सांगतो. थंडीच्या धंद्यातल्या बापाचा मुलगा थंडीच्याच देशात गेला, ह्यावर मी लग्नाकार्यात पुष्कळ विनोद केले. तिथंच लग्न केलं. सून गुणाची आहे. ती पहिल्यांदा फोनवर दोन वाक्यं बोलली तेव्हा मी फोन कानाला घट्ट लावला. त्या दारातल्या माणसाची भाषा होती ती. तीच चाल, वाक्य संपताना तसंच खाली उतरणं. तेव्हापासून त्या देशाचे मिळतील तेवढे पिक्चर बघितले. आपला मुलगा कसल्या घरात राहत असेल, तिथं लोक चपला कुठं काढतात, आजारी माणसाच्या खोलीत कसे जातात, हे कळावं म्हणून. भाषा शिकायला वर्ग नाही, पुस्तक नाही. पण पिक्चरमधली माणसं दारात आणि चुलीपाशी तेच तेच बोलतात. आत्ता नको. मला जमणार नाही. नंतर. ते सगळं माझ्या कानात बसलं. घरात हे मी कुणाला सांगितलं नाही. माझी बायको समजते, मी हावभावांवरून अंदाज बांधतो, आणि फोनवर नात काही बोलली की मला विचारते. तुझी जागा मला मिळाली म्हण.

तिची किडनी गेली आहे, अम्मा. समोरच्या घरातल्या त्या पोरीची. अलिबागला मशीनवर नेतो. डॉक्टर माझ्याशी बोलतो तेव्हा त्याचाही आवाज नाकाच्या वरून येतो, म्हणजे शब्द ऐकायची गरज उरत नाही. मुलाला कळवलं आहे, सगळं, स्पष्ट. तिला एकच पाहिजे. तो यावा, त्यानं खाटेवर बसावं. जास्त काही नाही.

गेल्या जुम्म्याला त्याचा फोन आला. उशीला टेकून फोन उभा केलेला, आम्ही दोघं समोर. नातीनं पडलेला दात दाखवला, काहीतरी गाणं म्हटलं आणि पळाली. फोन तिकडं टेबलावर राहिला, छताकडं तोंड करून. पांढरं छत आणि एक दिवा, एवढंच दिसत होतं. तिकडं चुलीपाशी दोघं बोलायला लागले, आपल्या भाषेत, म्हणजे त्यांच्या. सून सांगत होती, तिकीट काढ, आत्ता गेलास तर भेट होईल. चिडली होती बिचारी. आणि माझा मुलगा बोलला. नाकाच्या वरून. आत्ता नको. मला ते बघवणार नाही. सगळं झाल्यावर जाईन.

सगळं झाल्यावर. आपल्यात माणूस सकाळी गेला तर दुपारी असरच्या नमाजाला माती होते. त्याचं विमान उतरायच्या आत कबरीवर पाणी मारून माणसं घरी गेलेली असतात. हे त्याला ठाऊक आहे. तुझ्या मातीला तो माझं बोट धरून उभा होता.

"काय बोलतायत?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "सून विचारते, आज घरात काय शिजलंय."

ती छताकडं बघत राहिली, म्हणजे फोनमधल्या. मग म्हणाली, "सांगा, मुगाची खिचडी. मला दुसरं देतात काय हे लोक." आणि डोळे मिटले. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी अलिबागहून परत येताना ती गाडीत मागं आडवी झाली होती. मशीनवरून उठल्यावर ती बोलत नाही, थकलेली असते. नागावच्या वाड्यांतून रस्ता जातो तिथं सावली लागते, म्हणून मी काच खाली केली. आणि मागून तिचा आवाज आला, अगदी साधा.

"खालाच्या पिक्चरमध्ये पण सगळे हेच विचारायचे."

मी गाडी हळू केली.

"तेव्हा पण कळायचं आम्हाला," ती म्हणाली. "बायकांनाच काय, आम्हा पोरीबाळींना पण." बाहेर सुपारीच्या झाडांचा सळसळाट. मग म्हणाली, "बोला की. तो काय बोलला? माझा?"

आरशात बघितलं तर तिचे डोळे उघडे होते. माझा गळा, अम्मा, मी स्वतःच ऐकला. खरखर येत होती. मी म्हटलं, "सामान पुढं पाठवतोय म्हणाला. तो पुढल्या लाँचनं येतोय."

तिनं ओढणी नीट केली. डोक्यावरून घेतली, पिक्चर सुरू झाल्यावर घ्यायची तशी. आणि बाहेर बघत म्हणाली, "व्हय. येल, येल."

काल म्हणूनच तो पिक्चर लावला. अक्षरं बंद करून, मग आवाजही बंद करून. तो माणूस दारात येतो, टोपी हातात, तोंड हलतं, आणि मला तुझाच आवाज येतो. मी तो पुन्हा पुन्हा मागं नेला. वाटलं, एखाद्या खेपेला मला तुझं पटेल. नाही पटलं. तेव्हाही पटलं नव्हतं. हे जे करतोय ते किती दिवस चालवायचं आणि शेवटच्या दिवशी काय सांगायचं, हे तुला विचारायचं होतं. पण तू तरी काय सांगणार. तू पिक्चर संपला की उठून भात लावायचीस.

हे पत्र कुठं टाकू? तुला तर मराठी वाचता येत नव्हतं. कुणाला तरी वाचून दाखवावं लागेल, आणि वाचणारा मधेमधे आपल्या मनचं घालेल. घालू दे. त्यानं म्हणावं, मुलगा लिहितो, सगळं ठीक आहे, आज घरात बोंबलाचं कालवण केलंय.

एक मात्र त्यानं जसंच्या तसं वाचावं. मांडव्याला बर्फाची गाडी घेऊन जातो तेव्हा कॅटामरान लागलेली असते, जुन्या लाँचच्या जागी आता तीच चालते. मुंबईची माणसं उतरतात, काळे चष्मे, कुत्री, पोरं. बर्फ उतरवून झालेला असतो, पैसे मिळालेले असतात, मला तिथं थांबायचं काहीच कारण नसतं. मी शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबतो. आता मुलासाठी थांबतो. त्याच्याआधी, इतकी वर्षं, अब्बांसाठी थांबायचो.